नानीची रियाल

नानीच्या इंतकालानंतर तिची पत्र्याची पेटी उघडली. मामूंनी ठरवलं की, चांदी सोनाराकडे वजनावर द्यायची आणि पैसे वाटून घ्यायचे. त्या चांदीत कडी डागलेलं एक थोराड नाणं होतं. नानी त्याला 'रियाल' म्हणायची. नाना जहाजावर खलाशी होते, त्यांनी ते एडनहून आणलेलं. माझ्या हट्टापायी अम्मीनं आपल्या वाट्याची सगळी चांदी सोडली आणि ते एक नाणं घेतलं. मामू हसले.

मी उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. युरोपातल्या जुन्या चांदीच्या नाण्यांचा नाद बी.एड. करताना लागला. मास्तरच्या पगारात असली नाणी जमतात ती अशी दोन-चारच. त्यांतलं मेक्सिकोत पाडलेलं, तिसऱ्या कार्लोसचं आठ रियालचं स्पॅनिश नाणं माझं लाडकं. अशी चांदी सुरतेला उतरायची आणि मोगल टांकसाळीत वितळून तिचे रुपये व्हायचे.

नानीच्या नाण्यावर ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा आहे. डोक्यावर विधवेची ओढणी, मागे दोन तोंडांचा गरुड, साल १७८०. हा थेलर. मूळ शब्द योआखिमस्टाल या खाणीच्या गावावरून आला आणि त्याचाच पुढे 'डॉलर' झाला. वजन २८ ग्रॅमहून किंचित जास्त, चांदी सुमारे ८३ टक्के. येमेनच्या कॉफीच्या व्यापारात तो इतका मुरला की, लोक दुसरं नाणं हाती धरेनात. खांद्यावरच्या पिनेचे मोती मोजून मगच घ्यायचे.

वर्गात मी ते मोठ्या फुशारकीनं दाखवलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं म्हणून! मग सुट्टीत मुंबईला एका जाणकाराकडे नेलं. त्यानं भिंग लावलं आणि म्हणाला, "मास्तर, हे विसाव्या शतकातलं."

राणी १७८० सालीच वारली, पण तिचं नाणं थांबलं नाही. साल तेच ठेवून व्हिएन्नात पाडत राहिले. १९३५ साली मुसोलिनीनं हबशी मुलखातल्या व्यापारासाठी त्याचे हक्क मिळवले, तेव्हा लंडन आणि पॅरिसनंही ते पाडायला घेतलं. १९४०-४१ मध्ये तर आमच्या मुंबईच्या टांकसाळीतही निघालं. म्हणजे नानांनी ज्या बंदरातून जहाज पकडलं, तिथून हाकेच्या अंतरावर बनलेलं नाणं त्यांनी एडनहून परत आणलं असेल, कुणी सांगावं! शिवाय कडी डागलेली, त्यामुळे संग्राहकाच्या लेखी किंमत चांदीच्या वजनाइतकीच.

घरी आलो, पण दोन दिवस अम्मीला सांगायची हिंमत होईना. तिनं पाटल्या सोडल्या होत्या. शेवटी सांगितलं, "चांदी खरी आहे अम्मी, साल खोटं आहे."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुझ्या नानाला कुठं वाचता येत होतं?" मग हात पुसून नाणं मागितलं आणि कडीत बोट घालून बघत राहिली. ही कडी माझ्या जन्माच्या वेळी डागली, म्हणाली. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

नाणं आता तिच्याकडेच आहे.