कानशिलाची खळी

माणसाचें वय केंसांवरून ओळखावें असें म्हणतात. आम्हांस मात्र तें कानशिलांवरून अधिक कळतें. घरांतील कोणी दुखण्यांतून उठलें म्हणजे आमची आजी त्याच्या कानशिलांकडे पाही, आणि "अजून भरलीं नाहींत" असें म्हणून तुपाची वाटी पुढें सारी.

त्याच कानशिलांवरून गेल्या मार्गशीर्षांत अंबाजोगाईस आमच्या घरीं वाद झाला. धाकट्या बंधूंची कन्या विषमज्वरांतून नुकतीच उठलेली, कानशिलांस खळ्या पडलेल्या, आणि लग्न माघांत ठरलेलें. शहरांतील एका ब्यूटी पार्लरांत सुईनें 'फिलर' भरून अर्ध्या तासांत खळ्या नाहींशा करतात, असें तिच्या मैत्रिणीनें सांगितलें. तिच्या आईनें पैसेहि काढून ठेवले. आम्हीं "हीं कसलीं थेरें!" म्हणून मोडता घातला. मुलगी त्या रात्रीं जेवली नाहीं.

आमच्या सूनबाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, नुसतें 'नको' म्हणून तिची समजूत कशी पटावी? आपलें बोट कानशिलावर ठेवून दांत आवळा पाहूं." बोटाखालीं स्नायु फुगला, बोट कानापुढें सरकवितांच नाडी लागली. त्वचा, मेद, धमनी वाहणारा पातळ पडदा, त्याखालीं जाड पडदा, मग स्नायु व शेवटीं हाड, इतके थर त्या एवढ्याशा जागेंत आहेत. गालाच्या हाडाच्या कमानीवर सुमारें २ सेंटिमीटरांवर एक मोठी नीला आडवी जाते. हाडहि येथें पातळ; कवटीचीं ४ हाडें येथें मिळतात व त्यांच्या आड मेंदूच्या आवरणाची धमनी असते. सुश्रुतानें 'शंख' हें मर्म सद्यःप्राणहर मर्मांत गणिलें आहे, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. तें स्वतःच्या बोटाखालीं त्या रात्रीं प्रथम आलें.

फिलरमध्यें बहुधा हायलुरॉनिक आम्ल असतें. मेयर व पामर यांनीं तें १९३४ सालीं गुरांच्या डोळ्यांतील द्रवांतून वेगळें काढलें. आपल्या त्वचेंतहि तें असतें. पदार्थ वाईट नव्हे. जागा चुकली तर घात. कानशिलाच्या धमन्या डोळ्याच्या धमन्यांशीं जोडलेल्या आहेत. सुई धमनींत शिरून औषध जोरानें दाबलें गेलें, तर तें उलट वाहून डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पाडूं शकतें. असें क्वचितच घडतें, पण गेलेली दृष्टि बहुधा परत येत नाहीं. म्हणून जाणता डॉक्टर कोणत्या थरांत जावयाचें तें आधीं ठरवितो, थोडें थोडें व सावकाश भरतो, आणि हें आम्ल विरघळविणारें हायलुरोनिडेज जवळ ठेवूनच सुई हातीं घेतो. टोचतांना तीव्र वेदना झाल्या, कातडी पांढरी पडली किंवा दिसणें अंधुक झालें, तर तत्क्षणीं थांबून इस्पितळ गांठावें.

सकाळीं सूनबाईंनीं मुलीस तीनच प्रश्न विचारावयास सांगितले: टोचणार कोण, औषध कोणतें, आणि उतारा जवळ आहे काय? तिनें दूरध्वनि केला. "आमच्या ताईंनीं कोर्स केला आहे," एवढेंच उत्तर मिळालें. मुलीनें आपण होऊन बेत सोडला. "काका, हें तुम्हीं कालच सांगितलें असतें तर?" असें तिनें विचारलें, तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वडीलकीचा नकार आमच्या घरांत पुष्कळ चालला. कारण सांगण्याची संवय मात्र आम्हांस सूनबाईंकडून लागावयाची होती.

माघांत लग्न झालें. खळ्या बऱ्याच भरल्या होत्या, थोड्या उरल्या होत्या. मुंडावळ्यांच्या सरी नेमक्या त्यांवरूनच लोंबत होत्या.