जादू, रक्त आणि महार वतन

आपल्या विद्यालयाच्या वाचन मंडळात आजवर ‘फकिरा’वर चर्चा झाली, आत्मकथनांवर झाली, पण मंडळात सरळ दोन तट पडले ते हॅरी पॉटरवरून. कडेगावच्या वसतिगृहात हे पुस्तक आणले कोणी, इथूनच सुरुवात झाली. (एका माजी विद्यार्थ्याची भेट होती.)

काही पालकांचा आक्षेप आम्हांला वजनदार वाटला. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतील मुलांना मंत्र आणि छडी कशासाठी? डॉ. दाभोलकर साताऱ्याचे, ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो २०१३ साली त्यांच्या खुनानंतर आला. केवट्ट सुत्तातही तथागत ऋद्धीचे चमत्कार नाकारतात व उपदेश हेच खरे प्रातिहार्य मानतात.

मुलांना मात्र जादूचे फारसे अप्रूप नव्हते. त्यांचे बोट ‘मडब्लड’ या शिवीवर होते. वर्गात सर्वांत हुशार असलेल्या हर्मायनीला मळक्या रक्ताची म्हणून हिणवतात, याचा अर्थ आम्हांला समजावून सांगावा लागला नाही.

खरी खडाजंगी चौथ्या भागावर झाली. जादूगारांच्या घरी पिढ्यान् पिढ्या बिनपगारी राबणारे एल्फ मुक्तीच्या नावानेच घाबरतात. डॉबी मुक्त झालेला. पण मुख्याध्यापक देऊ करतात तो पगार आणि त्या सुट्ट्या तोही घासाघीस करून कमी करून घेतो. हर्मायनी त्यांच्यासाठी चळवळ उभारते आणि सारे तिला हसतात. एक पालक म्हणाले, गुलामांना गुलामी आवडते हेच लेखिकेला ठसवायचे आहे. आठवीतील एका मुलीने उलट विचारले, “पण सर, हर्मायनीने एल्फना विचारलं कुठं?”

आम्ही इतिहासाचे शिक्षक. आम्हांला महार वतन आठवले. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनविषयक दुरुस्ती विधेयक मांडले, तेव्हा बलुते आणि इनामी जमिनीचा तुकडा सोडायला आपल्यातलेही सगळे राजी नव्हते. पोटाचा प्रश्न होता, गुलामीची आवड नव्हती. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडले. बाबासाहेब तेव्हा नव्हते. लेखिकेने एल्फांच्या भीतीचे हसू केले, तिचे कारण शोधले नाही; आमच्या मते कादंबरीचे उणेपण तिथे आहे, छडीत नाही.

पालकांना हे सर्वस्वी पटले नाही. पुस्तक कपाटातून काढावे, ही त्यांची सूचना इतिवृत्तात नोंदवली आहे. पुस्तकही कपाटात आहे, आणि त्या मुलीने आता वतनाविषयी वाचायला काही मागितले आहे.