कुंडी, कॅसेट आणि केयी

आमच्या मातोश्रींच्या आवाजाची एक कॅसेट आमच्या संग्रही आहे. १९८९ च्या दिवाळीत, आम्ही रजेवर घरी आलो असताना ती भरली. जाते तेव्हाच कुळाचारापुरते उरले होते. तरी मातोश्रींनी मुद्रणासाठी ते धान्यावाचून फिरविले, कारण त्या घरघरीखेरीज त्यांना ओवी सुचेना. पुढे आम्ही त्या ओव्या हौसेने संगणकावर उतरवून घेतल्या. त्या काळच्या मराठी लेखनप्रणालीला एक कुलूपवजा खुंटी लागे. ती यंत्राला जोडल्याशिवाय अक्षर उमटत नसे. प्रणाली काढणारे बंद पडले, खुंटी हरवली, आणि आज ती संचिका उघडली तर काना-मात्रांचा नुसता पाचोळा दिसतो. उरली ती कॅसेटच.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याचा पुतण्या आला. त्याने कॅसेट भ्रमणध्वनीवर उतरविली आणि म्हणाला, “काका, आता हे यंत्रच ऐकून लिहील.” खरोखरच, पाण्याचा पेला संपेतो ओव्या पडद्यावर आल्या. आम्ही थक्क झालो, आणि चष्मा लावून वाचू लागताच खट्टू झालो. आमचे घराणे पिढ्यांमागे रावेरकडून बऱ्हाणपुरास आले. बायामाणसांच्या तोंडी खानदेशी वळण तसेच राहिले. मातोश्री केळीला ‘केयी’ म्हणत. यंत्राने कोठे ‘केली’ लिहिले, कोठे ‘काही’. एका ओवीतली केळीची अख्खी बागच नाहीशी झाली. ‘डोया’ मात्र त्याला बरोबर कळला. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली छापून निघाली म्हणून कळला असावा, असा आमचा तर्क. जे छापले गेले, साठविले गेले, तेवढेच यंत्राच्या कानी पडते. आमच्या मातोश्रींचे बोलणे कोणी छापले नाही.

तेव्हापासून या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जे हाती येईल ते आम्ही वाचीत आहो. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि सरकारी नोकरीने एक खोड लावलेली असते: कोणतीही योजना दिसली की पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येतो आणि चावी कोणापाशी राहते, हे आधी पाहायचे.

बऱ्हाणपूरकरांना हा प्रश्न नवा नसावा. आपला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने आखलेला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी ताप्तीकडे झिरपत जाते, ते वाटेत भुयारात अडवायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, ही त्यातली युक्ती. वरून दिसतात त्या कुंड्या म्हणजे हवा व उजेड आत जाण्याची आणि माणसाने उतरून गाळ काढण्याची द्वारे. आमच्या मते सगळी करामत त्या द्वारांत आहे. भुयार खोदणाऱ्याने पुढच्या साफसफाईची वाट आधीच ठेवली. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्याचे नाव गेले, ही आनंदाची गोष्ट. पण वरच्या अंगाच्या कूपनलिका तेच पाणी उपसतात, आणि आमच्याही केळीच्या मळ्यात अशा दोन आहेत, हे लपवून उपयोग नाही.

नोकरीत आम्ही पाणीपुरवठ्याची अंदाजपत्रके पुष्कळ तपासली. नव्या टाकीला मंजुरी मिळे, कोनशिला बसे. झडपा बदलण्याची मागणी मात्र वर्षानुवर्षे परत येई. ते शेरे मारणाऱ्यांत आम्हीही होतो. आता वाचतो तर संगणकाच्या जगातही तोच प्रकार. ओपन एसएसएल ही निम्म्या जगाच्या व्यवहारांचे रक्षण करणारी मुक्त प्रणाली मूठभर माणसे तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळीत होती. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड उघड झाले तेव्हा कोठे मोठमोठ्या कंपन्यांना तिची आठवण झाली. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत मुक्त प्रणालींच्या देखभालीसाठी सरकारी निधीच उभारला. गाळ काढण्यासाठी वेगळे लेखाशीर्ष! आमच्यासारख्याला ही बातमी कवितेसारखी वाटली.

स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक विद्यापीठांनी तर सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अपर्टस’ नावाचे भाषायंत्रच खुले केले, आणि ते कसे शिकविले तेही उघड ठेवले. आपल्याकडे केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मोहिमेस सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून खरेदी होणारी गणनशक्ती नव्या उद्योगांना आणि संशोधकांना सवलतीत मिळते. हे चांगलेच आहे. परंतु सार्वजनिक पैशावर तयार झालेले यंत्र अखेर सार्वजनिक राहील की त्यालाही खुंटी लागेल, हे करारात स्पष्ट लिहिलेले असावे असे आम्हांस वाटते. कालवा सरकारने काढायचा आणि पाटाचे दार एकाच्या मळ्यात, असे पाहून आमचे केस पांढरे झाले.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’च्या भाषादानात आम्ही भाग घेतला. समोर येईल ते वाक्य वाचायचे, ऐकू येईल ते लिहायचे. कल्पना उदात्त आहे, आणि आम्ही तासभर निष्ठेने वाचले. वाक्ये अर्थातच प्रमाण मराठीत होती. ‘ळ’ आला की आम्ही ‘ळ’च म्हटला, पोटार्थी शिक्षणाने तो आम्हांला नीट येतो. उठताना लक्षात आले की आम्ही आमचा आवाज दिला, मातोश्रींचा नव्हे.

मंडळाच्या मागील बैठकीत आम्ही हा विषय काढला. सभासदांच्या घरोघरी अशा कॅसेटी, पत्रे, हिशेबाच्या वह्या आहेत. एका ज्येष्ठ वहिनींनी विचारले, “आमच्या सासूबाईंच्या ओव्या परक्याच्या यंत्राने फुकट शिकाव्यात आणि आमच्या नातवांना विकाव्यात का?” कोणी म्हणाले, कपाटात ठेवून तरी काय, बुरशी धरेल. दोन्ही म्हणणी खरी होती, म्हणून वाद लांबला आणि चहा निवला. आम्ही हेमा राईरकर व गी प्वातवँ यांचे उदाहरण दिले. त्यांच्या प्रयत्नातून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, आणि ‘परी’च्या संग्रहात त्यांतल्या पुष्कळ गाणारणीच्या नावागावासह आज कोणालाही वाचता येतात, काही ऐकताही येतात. नाव-गाव राहते, हे वहिनींना पटले.

ठरले ते इतकेच: ज्यांची संमती असेल त्यांच्या कॅसेटी मंडळाने उतरवून घ्याव्यात, लिप्यंतर खुल्या युनिकोड अक्षरांत आणि बोलीत जसे असेल तसे करावे, गाणारीचे नाव प्रत्येक प्रतीवर राहावे, आणि ज्या संस्थेस संग्रह द्यायचा तिने त्यावर केलेले काम खुले ठेवण्याचे लेखी मान्य करावे. मसुदा करण्याचे काम सवयीने आमच्याकडे आले. वार्षिक वर्गणीत देखभालीचे वेगळे शीर्ष असावे असे कलमही आम्ही घातले आहे. कोषाध्यक्षांनी त्यावर अद्याप सही केलेली नाही.

दरम्यान आम्ही मातोश्रींची कॅसेट स्वतःच लिहावयास घेतली आहे. रोज दोन ओव्या होतात. एका जागी जाते थांबते आणि त्या कोणालातरी म्हणतात, “केयी पिकली का पाहा.” हे ओवीत बसत नाही, तरी लिहून ठेवले.