दारचा लिंब फुलला आहे

फाल्गुन सरता सरता एकदा परसात निवांत उभे राहून वर बघा. गव्हाची काढणी, हरभऱ्याची मळणी याच दिवसांत येते, तेव्हा सवड कुठली, असे तुम्ही म्हणाल. पण फुलांचा कारभार पंधरावीस दिवसांचा. तो सरला की पुन्हा वर्षभर वाट बघायची.

आमच्याकडे काही मोठी बाग नाही. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला शेवगा, गोठ्यामागे रायवळ आंबा, बांधाला एक पळस आणि दारापुढे लिंब, म्हणजे कडुनिंब. पळसाचे काय सांगायचे, होळीच्या सुमाराला तो पेटतो, लांबूनही दिसतो. शेवग्याखाली सकाळी पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. मूगडाळ घालून त्याची भाजी झकास होते, पण फुले पडलेलीच वेचावीत. फांदी ओरबाडली तर शेंगा कुठून यायच्या?

आंब्याचा मोहोर गळायला लागला की आपल्या पोटात गोळा येतो. खरे तर एका तुऱ्यात शेकड्यांनी फुले असतात, त्यातली बरीचशी नुसती नर. फळ धरायचे ते एखाददुसरेच. आणि ते धरते कुणामुळे? घरात आपण ज्यांना हाकलतो त्या माश्यांसारख्याच साध्या माश्यांमुळे! मोहोरावर त्यांची वर्दळ मोठी असते. म्हणून मोहोर पुरता फुललेला असताना औषध मारू नये.

आता लिंबाचे. माघ-फाल्गुनात त्याची पाने झडतात, तेव्हा दिवसातून दोनदा अंगण झाडावे लागते. नव्या सुनेला त्याचा कंटाळा. थोरल्याला ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड हवी आहे आणि पुढे सगळी फरशी. मिस्त्री दोरी धरून माप घेऊन गेला, ती दोरी नेमकी बुंध्यावरून गेली. हल्ली गावोगाव असेच चालले आहे. घर पक्के झाले की पहिला घाव दारच्या झाडावर. मग उन्हाळ्यात फरशी तापते आणि माणसे पंख्याखाली दार लावून बसतात.

लिंब काय देतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. पाडव्याला गुढीची डहाळी आणि गुळाबरोबर कोवळी पाने-फुले, कणगीत धान्याला वाळलेला पाला. पावसाळ्याच्या तोंडाला निंबोळ्या पडतात. त्या वाळवून, कुटून 5 किलो भुकटी पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी फडक्याने गाळून पाणी 100 लिटर करावे, की किडीवर फवारायला 5 टक्के अर्क तयार. हा हिशेब मी थोरल्यापुढे मांडला. तो म्हणाला, "आई, निंबोळ्या बांधावरच्या झाडाच्याही मिळतील."

मिळतील की. पण सासूबाईंना आता दिसत नाही. त्यांची बाज दुपारपासून लिंबाखाली असते. सांज झाली, वारा पडला, की त्या बारक्या पांढऱ्या फुलांचा मधासारखा वास खाली उतरतो आणि त्या आतल्या खोलीपर्यंत ऐकू येईल असे म्हणतात, "लिंब फुलला गं!" मग आम्ही हातातले काम टाकून दोन मिनिटे अंगणात येतो. कडू झाडाला असा गोड वास कसा, हे नवल मला लग्न होऊन आले तेव्हापासून आहे.

आमचे हे कुणाच्या बाजूने बोलत नाहीत. मिस्त्रीला मात्र त्यांनी निरोप धाडला आहे, चैत्र होऊ दे, मग बघू. शेड गोठ्याच्या अंगाला सरकवता येईल, दोन खांब जास्त लागतील एवढेच. थोरला अजून राजी नाही.

काल मात्र ऊन फार होते, म्हणून ट्रॅक्टर त्याने आपणहून लिंबाखाली लावला. सकाळी बॉनेटवर फुले साचली होती. ती न झाडताच तो शेतावर गेला.