एरियलचं बूड

जुलैतल्या एका सकाळी बाबांचा डावा पायमोजा ओला झाला, म्हणून मला ते भोक सापडलं.

आमच्या १९८६च्या प्रीमियर पद्मिनीच्या डाव्या मडगार्डवर एरियल आहे. (मी अँटेना म्हटलं की बाबा दुरुस्त करतात.) त्याचं बूड, म्हणजे खालचं रबर आणि प्लास्टिकची वाटी, उन्हाने तडकलं होतं. पाणी आत शिरून केबलच्या अंगाने थेट बाबांच्या पायाशी उतरायचं.

"बुजवून टाक भोक," बाबा म्हणाले. "रेडिओ कोण ऐकतंय आता?"

डोळे अधू झाल्यापासून ते शेजारच्या सीटवर बसतात आणि गाडीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मला क्लच शिकवताना याच माणसाच्या ओरडण्याने कॉलनी गोळा झाली होती. मी भोक बुजवलं नाही. कुर्ल्याला गेले.

या गाड्या कुर्ल्यातच बनायच्या. ऑक्टोबर २०२३मध्ये काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, पण सी.एस.टी. रोडवर त्यांची हँडलं, दिवे, अख्खे दरवाजे मला दिसले. एरियलचं बूड तेवढं नाही. एक म्हातारे दुकानदार हसले, "टॅक्सी में एरियल कौन लगाता था, बेटा? मीटर चला तो बस."

मिळाली ती सगळी सपाट बुडाची. पद्मिनीचं मडगार्ड उतरतं. सपाट बूड बसवलं की एरियल दारुड्यासारखं कलतं आणि एका बाजूने फट राहते. शेवटी सपाटच घेतलं आणि खाली द्यायची उतरती चकती हवाई चपलेच्या टाचेतून कापली. तीन चकत्या वाया गेल्या, म्हणजे चपलांचा जोडही.

पाणी थांबलं, पण रेडिओवर नुसती खरखर. एरियलच्या खाली दातेरी वॉशर असतो. त्याचे दात उघड्या पत्र्यात रुतले तरच अर्थिंग मिळतं, आणि आमच्या मडगार्डला आतून डांबरासारखा जाड थर. गंज येऊ नये म्हणून बाबांनीच वर्षानुवर्षं पावसाळ्याआधी मारलेला. तो खरवडताना चोरी केल्यासारखं वाटलं. पत्रा चकाकला तसा नट आवळला, वरून ग्रीस फासलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना डॉक्टरांकडे नेताना मीडियम वेव्ह लागलं. गाणं, आणि त्यामागे टकटक. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टकटक वाढायची. बाबांनी मान तिरकी केली.

"प्लग कधी साफ केलेस?"

मी गप्प.

"घरी गेल्यावर काढ सगळे. मी बसतो खुर्ची घेऊन."