पूर, पोयटा आणि अण्णांचा प्रश्न

या वीकेंडला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. पण २०२५ च्या दिवाळीत गावाकडं अण्णांनी एक प्रश्न विचारला, तो काही डोक्यातून जाईना. म्हणून आधी तोच उतरवून काढतो.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. रान ओढ्याच्या काठाकाठानं उतरत थेट सिंदफणेला टेकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्याच्या बातम्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्या पावसात एका रात्री ओढ्याच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव फुटला. माणसं-जनावरं सुखरूप राहिली, हे आधीच सांगून टाकतो. पण रान...

दिवाळीला गेलो तेव्हा अण्णा मला सगळ्यात आधी रानात घेऊन गेले. वरची ३० गुंठे जमीन मुरमापर्यंत खरवडून गेलेली. जिथं कपाशी होती तिथं नुसता पिवळा मुरूम. मधल्या तुकड्यात गोटे आणि त्यांच्यामागं लांबच लांब वाळूची जीभ. आणि अगदी खाली, ओढा सिंदफणेला मिळतो त्या कोपऱ्यात, सव्वा फूट जाडीचा पोयटा. एकदम गुळगुळीत, वाळून भेगाळलेला, एक खडा नाही त्यात!

"एकच पाणी, एकच रात्र," अण्णा म्हणाले. "मंग वर खरवडलं, मधी वाळू टाकली अन् खाली लोणी अंथरलं, असं कसं? तू इंजिनिअर ना, सांग."

आता मी इंजिनिअर आहे हे खरं, पण मी दिवसभर जावा लिहितो. त्या वेळी "बघून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली (क्लायंटला सांगतो तसंच!). पुण्याला आल्यावर मात्र वाचायला बसलो, आणि वाचत वाचत चक्क हिमालयात पोहोचलो.

त्याचं कारण असं. फुटलेल्या तलावाच्या पुराचा सगळ्यात रांगडा नमुना म्हणजे हिमनदीजवळचं सरोवर फुटून येणारा पूर. तिथं बांध बर्फाचा असतो, नाहीतर हिमनदीनंच ढकलत आणलेल्या दगडमातीचा. आमच्याकडं बर्फ फक्त लग्नाच्या मठ्ठ्यात, तोही लाइट असेल तर. पण दगडमातीचा हिमोढ काय किंवा आमच्या पाझर तलावाची माती काय, फुटण्याची तऱ्हा तीच. पाणी वरून सांडायला लागतं, चीर पडते, चिरीतून जास्त पाणी जातं, त्यानं चीर आणखी रुंद होते. एकदा सुरू झालं की बांध स्वतःच स्वतःला खातो. महिनोन्महिने साठलेलं पाणी काही तासांत मोकळं होतं.

सिक्कीममध्ये ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री हेच झालं. दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठाची गोठलेली दगडमाती घसरून पाण्यात पडली, तिच्या लाटेनं बांध फुटला आणि चुंगथांगचं तीस्ता-३ धरण वाहून गेलं. नंतर शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, तो वाचून मी दोनदा डोळे चोळले. सरोवरातून सुटलेलं पाणी साधारण ५ कोटी घनमीटर. आणि पुरानं वाटेत उकरलेला माल? साधारण २७ कोटी घनमीटर! म्हणजे पाण्याच्या पाचपट दगडमाती. ही सरोवरातली नव्हे हं, ही नदीच्या काठांची. पुरानं पाय कापले आणि काठच्या काठ आत कोसळले.

हे वाचलं आणि आमची वरची ३० गुंठे समजली. वाहत्या पाण्याचा एक जुना ठोकताळा आहे. वेग दुप्पट झाला की पाणी ज्या वजनाचा दगड हलवू शकतं ते ६४ पट होतं. दोनाचा सहावा घात. एरवी पायली-दोन पायलीचा खडा हलवणारा ओढा त्या रात्री धोंडे घेऊन धावला, तो असा. चिकट काळी माती खरं म्हणजे वाळूपेक्षा सुटायला अवघड. पण एकदा सुटली की कण इतके बारीक की खाली बसायचं नाव नाही. वाळूचं उलट. वेग जरा कमी झाला की ती टेकते. म्हणून आधी गोटे, मग वाळू, आणि पाणी अगदी थांबेल तिथंच पोयटा.

पण ते पाणी आमच्या खालच्या कोपऱ्यात थांबलं का? कारण सिंदफणा आधीच तुडुंब होती. तिचा फुगवटा ओढ्याच्या तोंडात मागं शिरला, आणि वरून धावत आलेलं पाणी त्याच्यावर आपटून निवांत झालं.

अमेरिकेत नेमकी हीच गोष्ट अवाढव्य आकारात झालेली आहे. १५ ते १८ हजार वर्षांपूर्वी मिसूला नावाचं बर्फानं अडवलेलं सरोवर पुन्हा पुन्हा फुटायचं. वाळूवर पाण्याच्या लहरी उठतात ना, तशा तिथं गोट्यांच्या लहरी आहेत, काही दहा-दहा मीटर उंच. १९२३ साली जे. हार्लन ब्रेट्झ म्हणाले की ही सगळी जमीन एका महापुरानं कोरलीय, तर इतर भूशास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं. मोठं पदक मिळालं १९७९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी. (आम्ही अप्रेझलला एक वर्ष उशीर झाला तरी राजीनामा टाइप करायला घेतो.) त्या पुरांचं पाणी बाजूच्या खोऱ्यांत मागं शिरून थांबलं, तिथं गाळाचे चाळीसेक थर एकावर एक सापडले. प्रत्येक थर म्हणजे एक पूर. सरळ लॉग फाइलच की!

आणि हे थर वाचणारी माणसं आपल्याकडंही आहेत. मिसूलाच्या पुरांवर काम केलेले व्हिक्टर बेकर, पुणे विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक विश्वास काळे आणि त्यांचे सहकारी यांनी नर्मदेच्या घळीतले असेच थांबलेल्या पाण्याचे थर मोजले आणि सुमारे सतराशे वर्षांच्या मोठ्या पुरांची नोंद उभी केली.

हे सगळं फोनवर अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग दुसऱ्या दिवशी खालच्या कोपऱ्यात टिकावानं कमरेएवढा खड्डा घेतला आणि फोटो पाठवला. नव्या पोयट्याखाली वाळूची बोटभर रेघ, मग पुन्हा पोयटा, पुन्हा रेघ. म्हणजे पाणी याआधीही तिथं थांबलेलं आहे. त्यातला एखादा थर २३ जुलै १९८९ चा, बिंदुसरेनं बीड शहरात हाहाकार केला त्या दिवसाचा असेल का, असं अण्णांनी विचारलं. पण बिंदुसरा वेगळी नदी, आणि नुसत्या रेघेवरून साल काही निघत नाही.

मग खरा प्रश्न आला. "खाली पडलंय ते आपलंच रान का रे?"

नाही. आपली काळी माती त्या रात्री थांबलीच नाही. तो बारीक माल सिंदफणेतून माजलगावच्या धरणाच्या वाटेला लागला. खाली आलंय ते वरच्या वाडीतल्या कुणाचं तरी शिवार आणि फुटलेल्या तलावाचा गाळ. फोनवर बराच वेळ अण्णा काही बोलले नाहीत. माझी इंजिनिअरिंगची फी त्या ३० गुंठ्यांतल्या कपाशीवर भरली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

मग आम्ही हिशोबाला बसलो. ३० गुंठ्यांवर फूटभर माती पसरायची तर सव्वातीनशे ब्रास लागते. खालचा पोयटा ८ गुंठ्यांवर सव्वा फूट, म्हणजे १०९ ब्रास. गरजेच्या एक तृतीयांश. खरवडलेल्या जमिनीला सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये हेक्टरी ४७,००० रुपये रोख जाहीर केले, त्या दरानं आमच्या तुकड्याचे होतात सव्वाचौदा हजार. शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं. राहिलेली माती धरणाच्या गाळातून आणायची, गाळमुक्त धरण योजना त्यासाठीच आहे. म्हणजे बघा, वाहून गेलेलं रान ट्रॉलीतून परत विकत... नाही, गाळ फुकट आहे, डिझेल आपलं.

वाळूची जीभ आहे तिथंच ठेवायची असं ठरलंय. (बीड जिल्ह्यात वाळू उचलायला निघालात तर पंचक्रोशी वेगळ्याच नजरेनं बघते.) तिथं कलिंगड लावून बघतो, असं अण्णा म्हणतात.

आधी खालचा पोयटा वर न्यायचाय. ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं झालंय, एका ट्रॉलीत ब्रासभर बसतं म्हणतो. शनिवारी सकाळी सहाला यायचं कबूल केलंय त्यानं, त्यामुळं शुक्रवारी रात्रीची बस पकडायची आहे.