पडद्यावरचे रिकामे हात

चित्रपटातील माणसे पोट कशावर भरतात, त्यांच्या घरी चूल कोण पेटविते आणि ती पेटलेली असताना कॅमेरा तिच्यापाशी क्षणभर तरी थांबतो की नाही, एवढे तीन प्रश्न मी पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाला मनातल्या मनात विचारीत आले आहे; आणि ज्या चित्रपटाने त्यांची उत्तरे सरळपणे दिली, त्याच्या कथानकातील कितीतरी उणिवा मी बिनतक्रार पोटात घातल्या आहेत. कथेची गुंफण, अभिनयाची उंची, संगीताचे माधुर्य, छायालेखनाची किमया ह्यांचे महत्त्व मी जाणते, आणि त्या त्या विषयातील जाणकारांचा निवाडा मला बहुधा मान्यही असतो. पण ज्या स्त्रीला मी दोन तासांत एकदाही काही उचलताना, निवडताना, धुताना किंवा घडी घालताना पाहिले नाही, तिच्या दुःखावर विश्वास ठेवणे मला जड जाते. माणूस बोलण्यापेक्षा हातांच्या चालीवरून अधिक ओळखू येतो, ही माझी जुनी समजूत आहे, आणि वयाबरोबर ती पक्कीच होत गेली आहे.

आमच्या घरी दिवेलागणीच्या सुमारास टीव्ही सुरू होतो आणि सासूबाई मेथीची जुडी, जुन्या वर्तमानपत्राचा कागद आणि एक परात घेऊन त्याच्यासमोर येऊन बसतात. जुडीचा दोरा सोडणे, मुळांकडची माती झटकणे, पिवळे पान बाजूस काढणे, कोवळ्या देठासकट पाने खुडून परातीत टाकणे आणि जाड काड्यांचा ढीग कागदाच्या कोपऱ्यात सारणे, हे सारे त्यांची बोटे आपोआप करीत असतात, आणि नजर बहुतांशी त्या बोटांवरच असते. वाद्यांचा एखादा मोठा आघात झाला म्हणजे त्या मान वर करतात, कोणाचा चेहरा पडला आहे एवढे पाहून घेतात आणि पुन्हा मेथीकडे वळतात. असे असूनही कोणी कोणाचे दागिने लपविले, कोणाच्या लग्नात कोणी विघ्न आणले आणि मृत्युपत्राचा कागद तूर्त कोणाच्या कपाटात आहे, ह्याची बयाजवार हकीकत रात्री जेवताना त्यांच्याकडूनच ऐकावी.

ह्यावरून मला असे दिसते की आपल्याकडील दैनंदिन मालिका ही पाहण्यापेक्षा ऐकण्यासाठी रचलेली वस्तू आहे. घडलेली प्रत्येक गोष्ट तिच्यातील पात्रे एकमेकांना तोंडाने सांगतात, मनातला विचारही मोठ्याने उच्चारतात, आणि आता येणारा माणूस सज्जन की दुर्जन हे पार्श्वसंगीत आधीच जाहीर करून टाकते. कारण ऐकणारीचे हात कामात गुंतले आहेत आणि तिचे डोळे हातांच्या मागोमाग गेले आहेत, हे त्या रचनेत गृहीतच धरलेले असते. येथवर मला त्यात काही गैर वाटत नाही; उलट, दळताना ओव्या गाणाऱ्या बायकांच्या ह्या महाराष्ट्रात कामाला साथ देणारी कथा ही सोयरिकीचीच गोष्ट आहे. मला खुपते ते निराळेच. ऐकणारीचे हात असे भरलेले असताना पडद्यावरील स्त्रीचे हात मात्र सर्वकाळ रिकामे असतात. तिच्या घरात स्वयंपाकघर असते, पण ते कुजबूज करण्यासाठी आणि चोरून ऐकण्यासाठी. ओट्यावर कांद्याची साल पडलेली नसते, फडके ओले नसते, भरजरी साडीच्या पदराला हळदीचा डाग नसतो आणि चार पिढ्यांच्या त्या कुटुंबाची खरकटी भांडी कोण घासते ह्याची वाच्यता वर्षानुवर्षे होत नाही. लक्षावधी स्त्रिया रोज सायंकाळी काम करीत करीत काम न करणाऱ्या स्त्रियांच्या गोष्टी ऐकतात; ह्याची खंत मला मनापासून वाटते.

ह्याचा सारा दोष लेखक-दिग्दर्शकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण मामला बराचसा वेळेचा आणि पैशाचा आहे. आठवड्यातून पाच-सहा दिवस दाखवावयाची मालिका म्हणजे जवळजवळ रोज एक भाग हातावेगळा करणे आले. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासात वीस-बावीस मिनिटांचा मजकूर भरावा लागतो, आणि तो चित्रित करताना एकच प्रसंग दुरून, जवळून, ह्याच्या खांद्यावरून, तिच्या खांद्यावरून असा पुनःपुन्हा घेतात. आता ह्या प्रसंगात एखादी स्त्री कांदा चिरीत असेल, तर दुरून घेतलेल्या दृश्यात जेवढा कांदा चिरून झाला होता तेवढाच तो जवळून घेतलेल्या दृश्यातही दिसला पाहिजे. भाकरी अर्धी खाल्लेली असेल तर प्रत्येक वेळी ती तशीच अर्धी मोडून ताटात ठेवली पाहिजे. कुकरची शिट्टी झाली तर संवाद बुडतो, फोडणी दिली तर धूर होतो आणि नटीचा ठसका आवरेपर्यंत साऱ्यांना थांबून राहावे लागते. ह्या साऱ्या खटाटोपाला धंद्यात कंटिन्युइटी सांभाळणे म्हणतात. रिकाम्या हातांना ती सांभाळावी लागत नाही. चेहरा, अश्रू आणि दागिने एवढ्यावर भागत असेल, तर ज्याला उद्याचा भाग आज पुरा करावयाचा आहे तो माणूस कांद्याच्या वाटेला जाईल कशाला?

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि त्याच्या पहिल्या काही वर्षांतील कार्यक्रम आज तांत्रिक दृष्टीने अगदी साधे वाटतील. पण त्यांत माणसे काहीतरी करताना दिसत, हे मला विशेष वाटते. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठी असलेला कार्यक्रम गुंठाभर जमीन नसलेली शहरी कुटुंबेही पाहत असत, आणि त्यामागे केवळ दुसरी वाहिनी नव्हती एवढेच कारण असेल असे मला वाटत नाही. जाणत्या हातांनी चाललेले काम पाहण्यात माणसाला एक स्वाभाविक तृप्ती आहे. चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकरांनी आणि गुंड्याभाऊला बाळ कर्वे ह्यांनी पडद्यावर जे रूप दिले, त्याची गोडीही त्या घरातल्या बारीकसारीक उस्तवारीत होती. पुढे उपग्रहवाहिन्या आल्या आणि ‘चार दिवस सासूचे’ ही एकटी मालिका 2001 ते 2013 ह्या अवधीत तीन हजारांहून अधिक भागांपर्यंत पोहोचली. एवढ्या लांबीच्या कथेत दिवसाकाठची साधी कामे दाखवावयास जागा नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही.

मराठी चित्रपटाची परंपरा ह्या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’चे (1936) स्मरण होताच पुष्कळांना विष्णुपंत पागनीसांची भावमुद्रा आणि अखेरचे वैकुंठगमन आठवते, आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात झालेल्या गौरवाचा उल्लेख तर प्रत्येक लेखात येतोच, मला मात्र त्या चित्रपटाचा भार पेलणारी व्यक्ती म्हणजे गौरी ह्या नटीने साकारलेली तुकोबांची बायको जिजाई वाटते. घरातले धान्य, म्हशीची निगा, मुलांच्या भुका, नवऱ्याने वाटून टाकलेल्या वस्तूंचा जमाखर्च हे सारे तिच्या बोलण्यात आणि चालण्यात भरलेले आहे, आणि आजारी मुलाला घेऊन, हातात वहाण घेऊन ती देवळाकडे निघते तेव्हा तिचा संताप हा दिवसभर राबलेल्या बाईचा संताप आहे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. तुकोबांचे वैराग्य थोर आहे हे आपणांस जिजाईच्या कष्टांमुळेच कळते, कारण त्याची किंमत कोण मोजीत आहे ते दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल ह्यांनी लपवून ठेवले नाही. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मध्ये (1965) सूर्यकांत घणाखाली लोखंड घडवितात आणि जयश्री गडकर भाता ओढतात, लता मंगेशकरांनी आनंदघन ह्या नावाने दिलेले त्यातील संगीत सर्वतोमुखी झाले, पण त्यातील गाजलेल्या गाण्याचा ठेका मुळात लोहारकामाचा आहे आणि त्या दोघांचे दांपत्यप्रेम त्या भट्टीच्या उजेडातच आपण पाहतो. प्रेम व्यक्त करण्यासाठी त्यांना काम थांबवावे लागलेले नाही.

ह्या विषयात माझ्या लेखी ज्याच्या तोडीचे दुसरे काही नाही, असा एक प्रसंग सत्यजित राय ह्यांच्या ‘पथेर पांचाली’त (1955) आहे. घरातली मुलगी दुर्गा गेली आहे आणि परगावी असलेल्या तिच्या वडिलांना, हरिहराला, ह्याची कल्पना नाही. तो पडझड झालेल्या घरी परत येतो, मुलांना हाका मारतो, आणि त्याची बायको सर्वजया एक शब्दही न बोलता त्याच्यासाठी पाणी आणते, बसावयास पाट ठेवते, पुसावयास गमछा देते. बाहेरून आलेल्या माणसाचे जे करावयाचे ते तिचे हात करीत राहतात, कारण त्यांना दुसरे काही येत नाही. तो गाठोडे सोडून एकेक वस्तू दाखवू लागतो आणि दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयेपुढे धरतो, तेव्हा ती साडी तोंडाशी धरून सर्वजया कोसळते. तिचा आक्रोश आपणांस ऐकू येत नाही, त्याच्या जागी रविशंकरांच्या संगीतातील तारशहनाई येते. सर्वजयेच्या भूमिकेतील करुणा बॅनर्जींचा अभिनय आणि ती तारशहनाई ह्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते यथार्थच आहे. परंतु पाणी, पाट आणि गमछा ह्या तीन गोष्टी आधी घडल्या नसत्या तर ती साडी इतकी जड झाली नसती, असे माझे मत आहे. शोक करण्यापूर्वी नवऱ्याला पाणी द्यावे लागते. कितीएक घरांतल्या बायका हे जाणतात आणि ते कोणापाशी बोलत नाहीत.

बेल्जियमच्या शांताल आकेर्मान ह्यांनी 1975 साली हीच गोष्ट टोकाला नेली. त्यांच्या ‘झान डिएलमान’मध्ये एक विधवा बटाटे सोलते, भांडी विसळते, बिछाना आवरते, आणि कॅमेरा ती कामे त्यांना लागतो तेवढा वेळ, न हलता पाहत राहतो, चित्रपट तीन तासांहून मोठा आहे, आणि कथेतील दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजून वाया जातात तेव्हा आपले काळीज हलते, इतके आपण तोवर त्या घरचे झालेलो असतो.

आपल्याकडील अलीकडच्या चित्रपटांत चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’ने (2014) मला ह्या दृष्टीने फार समाधान दिले. न्यायालयात शाहीर नारायण कांबळे ह्यांच्याविरुद्ध एकसुरी आवाजात कलमे वाचून दाखविणारी सरकारी वकील बाई, जिची भूमिका गीतांजली कुलकर्णी ह्यांनी केली आहे, दिवस संपल्यावर लोकलने घरी निघते, शेजारच्या बाईशी घरगुती गप्पा मारते, वाटेत मुलाला पाळणाघरातून घेते, आणि घरी पोहोचल्यावर नवरा व मुले टीव्हीपुढे बसली असताना स्वयंपाकाला लागते. दिग्दर्शक तिची कीव करीत नाही आणि तिला गुन्हेगारही ठरवीत नाही. एका निरपराध माणसाला तुरुंगात डांबण्याचा कारभार जिच्या हातून चालतो, तिचेच हात कणीक मळणारे आहेत, एवढे तो शांतपणे दाखवितो, आणि अन्यायाचे हे रूप मला कोणत्याही खलनायकाच्या हास्यापेक्षा अधिक भयप्रद वाटते. हा चित्रपट घरी लावला तेव्हा न्यायालयातील लांबलचक प्रसंगांत सासूबाईंची शेंगा सोलण्याची गती कायम होती, स्वयंपाकाचा प्रसंग आला तशा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, ह्यातलं एकजण उठून ताटं घ्यायला लागेल की नाही?” मालिकांतील कारस्थानांवर त्या पुष्कळ बोलतात, पण असा प्रश्न त्यांनी त्यांपैकी कोणत्याही घराला विचारलेला मला स्मरत नाही.

श्रमांचे चित्रण म्हणजे श्रमांचे गोडवे, असे मात्र कोणी समजू नये. नागराज मंजुळे ह्यांच्या ‘फँड्री’तही (2013) हात कामाला लागलेले आहेत, पण ते काम डुकरे धरण्याचे आहे, ते जातीने कपाळी मारलेले आहे, आणि ज्या मुलीवर शाळकरी नायक जब्याचे मन जडले आहे तिच्यासमोर, शाळेतल्या साऱ्या मुलांसमोर, ते त्याला करावे लागते. कामाकडे पाहणारे डोळे तिथे हसणारे आहेत, आणि तो लपावयास आडोसा शोधतो. डुकराचा पाठलाग करून त्याला गाठत आणलेले ते कुटुंब शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी उभे राहते, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला श्रमप्रतिष्ठेवरची भाषणे पुन्हा पूर्वीसारखी ऐकता येणार नाहीत. कोणते काम कोणाच्या वाट्याला आले, आणि ते कोणी ठरविले, हा प्रश्न काम दाखविल्यावाचून विचारताच येत नाही. मालिकेतल्या त्या स्वच्छ ओट्याविषयी माझी मूळ तक्रार हीच आहे, की तो ओटा पुसणारी बाई दारातून कधी आत येते, तिला महिना काय मिळतो आणि ती स्वतःच्या घरी जाऊन किती वाजता भाकऱ्या थापते, हे सारे त्याच्या चकचकाटात नाहीसे होते.

मालिका लिहिणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की कामामुळे संवादाला अडथळा येतो हा समज त्यांनी एकदा तपासून पाहावा. आशा कार्यकर्ती नोंदवही घेऊन घरोघर फिरते, एसटीतील कंडक्टर बाई तिकिटे देता देता सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालते, कोळीण टोपली उतरवून पापलेटाचा भाव सांगते, परिचारिका रात्रपाळीत दोन खाटांच्यामध्ये उभी राहून घरी फोन करते. उन्हाळ्यात गच्चीवर पापड लाटावयास जमलेल्या बायकांमध्ये तासभर बसावे. लाट्या करणारी, लाटणारी आणि वाळत घालणारी ह्यांच्यात तेवढ्या वेळात एक स्थळ ठरते, एक मोडते, दोन सुनांची रुजवात होते आणि कोणाची तरी जुनी उसनवारीही निघते, आणि त्या सबंध अवधीत लाटणे कोणी खाली ठेवीत नाही.